जिम चांगली आहे हे ओळखायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन जिम लावताना, सोसायटीच्या क्लब हाऊसमधली जिम सुधारताना किंवा स्वतःची जिम चालवताना लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. बरेचसे प्रश्न सभासदांचे आहेत, थोडे मालकांचे.

जिमची गुणवत्ता मोजायची म्हणजे नक्की काय मोजायचं?

बहुतेक जण सामान मोजतात. ट्रेडमिल किती, एसी आहे का, स्टीम आहे का. मालकही तेच फिरवून दाखवतो, कारण तेवढंच दाखवता येतं. माझ्या मते पहिल्यांदा मोजायची गोष्ट म्हणजे लक्ष. ज्याने पर्सनल ट्रेनिंगचे (पीटीचे) पैसे भरलेले नाहीत, ज्याला अजून डंबेल कुठे ठेवायचं हेही माहीत नाही, अशा माणसाकडे फ्लोअरवरचा ट्रेनर किती वेळा वळून बघतो? सामान दुसऱ्या नंबरवर, सुरक्षितता मात्र दोन्हीच्या आधी, कारण तिथे कमी-जास्त चालत नाही. एक तर आहे किंवा नाही.

शरीरात झालेला बदल हे जिमच्या दर्जाचं माप होऊ शकत नाही का, असंही विचारलं जातं. होऊ शकतं, पण फसवं आहे. वजन उतरणं हे झोप, जेवण, नोकरीची पाळी आणि घरच्या चहाबिस्किटांवर इतकं अवलंबून असतं की त्यातला जिमचा वाटा वेगळा काढता येत नाही. भिंतीवरचे ‘आधी-नंतर’ फोटो तर निवडून लावलेले असतात. ज्यांचं काही झालं नाही त्यांचे फोटो कोण लावणार?

यासाठी काही शास्त्रीय मोजपट्टी आहे का?

आहेत, आणि चाळीसेक वर्षं यावर काम चालू आहे. सेवेचा दर्जा मोजण्याची सगळ्यात गाजलेली पद्धत म्हणजे ‘सर्व्हक्वाल’. परसुरामन, झाइथमल आणि बेरी या तिघांनी ती 1988 मध्ये मांडली. तिची कल्पना सरळ आहे: गिऱ्हाइकाची अपेक्षा काय होती आणि प्रत्यक्षात काय मिळालं, या दोन्हींमधली तफावत मोजायची. त्यासाठी 22 विधानं आणि पाच बाजू आहेत: डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू, दिलेला शब्द पाळणं, तत्परता, विश्वास वाटेल असं ज्ञान, आणि आपुलकी. पाचातली एकच बाजू सामानाची आहे, हे लक्षात घ्या.

ही पद्धत बँकेपासून दुरुस्तीच्या दुकानापर्यंत सगळ्यांसाठी होती. फिटनेस सेवेसाठी खास विचार त्याच्याही आधी, 1987 मध्ये, मूळचे भारतीय असलेले क्रीडा व्यवस्थापनाचे प्राध्यापक पी. चेल्लादुराई यांनी कॅनडात सहकाऱ्यांसोबत केला. त्यांनी मुख्य सेवा आणि तिच्या भोवतीच्या दुय्यम सेवा अशी विभागणी केली. पुढे 2005 मध्ये लॅम, झँग आणि जेन्सन यांनी अमेरिकेतल्या हेल्थ क्लबांसाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात सहा भाग होते: कर्मचारी, कार्यक्रम, लॉकर रूम, इमारत आणि परिसर, व्यायामाची जागा, आणि मुलं सांभाळण्याची सोय.

त्या प्रश्नावल्या आपल्याकडे जशाच्या तशा चालतील?

नाहीत. मुलं सांभाळण्याची सोय आपल्याकडच्या जिममध्ये जवळपास नसतेच, त्यामुळे तो भाग सगळ्यांनाच शून्य गुण देऊन जाईल. (खरं तर ती सोय झाली तर लहान मुलांच्या आया दुप्पट संख्येने जिमला येतील, पण तो मुद्दा वेगळा.) उलट आपल्याकडचे काही कळीचे प्रश्न त्यांत नाहीत. बाहेरच्या चपला आत येतात का? संध्याकाळी लाइट गेली तर जनरेटर आहे का? स्टेशन किंवा घरापासून चालत दहा-पंधरा मिनिटांत पोचता येतं का? हा शेवटचा प्रश्न लोक हसण्यावारी नेतात, पण पाऊस सुरू झाला की लांबची जिम आधी सुटते.

सोपा उपाय असा की वरचे भाग सांगाडा म्हणून घ्या आणि विधानं आपली लिहा. दहा-बारा पुरेत. प्रत्येकापुढे एक ते पाच गुण. मराठीत लिहा, ‘मी सेवेबाबत समाधानी आहे’ असली भाषांतरित वाक्यं नकोत, ‘मी चुकीचा व्यायाम करत असेन तर कोणी ना कोणी येऊन सांगतं’ असं लिहा.

जिम बघायला कधी जावं?

सोमवारी संध्याकाळी सात वाजता. जिमवाला तुम्हाला दुपारी बारा-एकला बोलवेल, तेव्हा सगळं रिकामं, पुसलेलं आणि थंडगार असतं. सोमवारी अर्ध्या जिमचा छातीच्या व्यायामाचा वार असतो, म्हणजे बेंच प्रेसपाशी रांग. त्या गर्दीत जिम कशी वागते ते तिचं खरं रूप. तुम्ही स्वतः सकाळी सहाला जाणार असाल तर अर्थात सहालाच बघा, आणि शटर सहाला उघडतं की सव्वासहाला, हेही बघा.

ट्रायलच्या दिवशी काय बघायचं?

व्यायाम थोडा करा आणि एका कोपऱ्यात वीस मिनिटं बसा. फ्लोअरवर ट्रेनर किती, माणसं किती, ते मोजा. मग एकच माणूस निवडा, शक्यतो नवखा वाटणारा, आणि त्याच्यावर नजर ठेवा.

समजा, एक पन्नाशीचे काका लॅट पुलडाऊनवर, म्हणजे वरची पट्टी खाली ओढायच्या मशीनवर, बसलेत. पट्टी मानेच्या मागे ओढतायत, प्रत्येक खेचीला पाठ मागे झोकून देतायत, वजनाची चळत धाडकन खाली आपटतेय. शेजारी दोन ट्रेनर मोबाइलवर रील बघतायत. चांगल्या जिममध्ये दुसऱ्या-तिसऱ्या खेचीला कोणीतरी येतं, वजन दोन प्लेटनी कमी करतं, पट्टी छातीकडे आणायला सांगतं आणि पुढच्या पाच खेची उभं राहून बघतं. वाईट जिममध्ये कोणी येत नाही. त्याहून वाईट जिममध्ये येतात आणि म्हणतात, “काका, पीटी लावून टाका, सगळं नीट शिकवतो.”

हे वीस मिनिटांचं निरीक्षण कुठल्याही ब्रोशरपेक्षा जास्त सांगून जातं. आणखी दोन गोष्टी बघा: वापरलेली डंबेल रॅकवर परत जातात की जमिनीवरच लोळतात, आणि घाम पुसायला स्प्रे-कापड ठेवलं आहे का. डंबेल जागेवर असणं म्हणजे शिस्त लावणारा कोणीतरी तिथे आहे.

नाव नोंदवताना जिमने मला काय विचारायला हवं?

तब्येत. बीपी, शुगर, छातीत दुखणं, चक्कर, सांध्यांची दुखणी, चालू औषधं, झालेली ऑपरेशनं. कॅनडात तयार झालेली सात प्रश्नांची ‘पार-क्यू’ नावाची छोटी प्रश्नावली जगभर यासाठी वापरली जाते. ती भरायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. एखाद्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर आधी डॉक्टरकडे जाऊन या, असं सांगणारी जिम धंदा एक आठवडा पुढे ढकलते. तेवढ्यावरूनच तिला गुण द्या. फक्त नाव, मोबाइल, पॅकेज आणि ‘काही झाल्यास जिम जबाबदार नाही’ यावर सही, एवढ्यावर काम संपत असेल तर सावध व्हा.

ट्रेनरचं सर्टिफिकेट कसं तपासायचं?

भिंतीवरची फ्रेम बघून काही कळत नाही. कोणी दिलं, कधी दिलं आणि कधीपर्यंत चालतं, हे तीन प्रश्न विचारा. एसीई, एनएससीए, एसीएसएम, एनएएसएम या अमेरिकन संस्थांची प्रमाणपत्रं ठराविक मुदतीने नव्याने घ्यावी लागतात आणि ती चालू आहेत का हे ऑनलाइन तपासता येतं. भारतात राष्ट्रीय कौशल्य विकास व्यवस्थेखाली क्रीडा आणि फिटनेस क्षेत्राची स्वतंत्र कौशल्य परिषद आहे, तिचंही फिटनेस ट्रेनरचं प्रमाणपत्र असतं. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेले ट्रेनरही चांगले असतात, त्यांना शरीररचना नीट शिकवलेली असते.

पण कागदापेक्षा एक प्रश्न जास्त उपयोगी पडतो: “माझा गुडघा दुखतो, स्क्वॅट करू का?” जो लगेच ‘करा, काही होत नाही’ म्हणतो तो आणि जो लगेच ‘अजिबात नको’ म्हणतो तो, दोघेही नापास. कुठे दुखतं, कधीपासून, जिना चढताना की उतरताना, डॉक्टरांना दाखवलंत का, असे प्रश्न उलट विचारणारा पास.

दंड मोठे असणं ही पात्रता नव्हे, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो.

मशीन चांगली आहेत की नाहीत हे माझ्यासारख्याला कसं कळणार?

केबलपासून सुरुवात करा. पुलीजवळ तारेवरचं प्लास्टिकचं आवरण तडकलं असेल, आतल्या तारा दिसत असतील, तर ते मशीन बंद असायला हवं. वजनाच्या चळतीत मूळ पिनेच्या जागी स्क्रूड्रायव्हर किंवा सळईचा तुकडा अडकवलेला दिसला तर त्या जिमची देखभाल कशी चालते हे कळलंच. ‘बंद आहे’ अशी पाटी लावलेलं एखादं मशीन असणं वाईट नाही. तीच पाटी दोन महिन्यांनी तिथेच असणं वाईट.

बार आणि प्लेट. ऑलिंपिक बार पुरुषांचा 20 किलोचा आणि महिलांचा 15 किलोचा असतो. बऱ्याच जिममध्ये साधे, बारीक बार असतात ज्यांचं वजन कोणालाच माहीत नसतं, आणि मग पोरं आपण किती उचललं याचा हिशोब अंदाजाने करतात. बॅग तोलायचा हातातला डिजिटल काटा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. चार लहान प्लेट तोलून बघा. सारख्या आकड्याच्या दोन प्लेटमध्ये ठळक फरक निघाला, तर तुमच्या एका खांद्यावर रोज जास्त वजन पडतंय.

ट्रेडमिलचा वेग तपासणं तर घरच्या घरी जमेल इतकं सोपं आहे, फक्त मालकाची परवानगी घ्या. मशीन बंद असताना पट्ट्यावर खडूने एक रेघ मारा. पट्टा हाताने सरकवत शिंप्याच्या टेपने त्याची पूर्ण लांबी मोजा. समजा 3.2 मीटर भरली. आता मशीन ताशी 6 किलोमीटरवर चालू करा आणि रेघ एका मिनिटात किती वेळा समोरून जाते ते मोजा. ताशी 6 म्हणजे मिनिटाला 100 मीटर, म्हणजे सव्वाएकतीस फेऱ्या यायला हव्यात. 28 च आल्या, तर पट्टा मिनिटाला साधारण 90 मीटरच फिरतोय, म्हणजे खरा वेग ताशी 5.4 आहे. पडद्यावर 5 किलोमीटर दिसले की तुम्ही प्रत्यक्षात साडेचार धावलेले असता. एकदा रिकाम्या पट्ट्यावर आणि एकदा कोणीतरी चालत असताना मोजा. वजन पडल्यावर वेग दबत असेल तर मोटर किंवा पट्टा थकलाय. पडद्यावरचा कॅलरीचा आकडा मात्र तपासायच्या भानगडीत पडू नका, तो अंदाज असतो आणि सहसा उदार असतो.

सोसायटीच्या जिमसाठी मशीन घ्यायची आहेत. काय बघावं?

मशीनवरच्या लेबलवर ‘एस’ आहे की ‘एच’ ते. व्यायामाच्या स्थिर उपकरणांसाठी आयएसओ 20957 ही मानकांची मालिका आहे. तिच्यात ‘एस’ म्हणजे स्टुडिओ, म्हणजेच जिममधला वापर, आणि ‘एच’ म्हणजे घरगुती वापर. बिल्डर क्लब हाऊसमध्ये घरगुती वर्गाची मशीन ठेवून मोकळा होतो, ती दीडशे फ्लॅटच्या वापरात वर्षभरात खिळखिळी होतात आणि मग सर्वसाधारण सभेत भांडणं. वार्षिक देखभाल करार खरेदीच्या वेळीच ठरवा. मशीन एक कमी आलं तरी चालेल, पण संध्याकाळी दोन तास ट्रेनर ठेवा.

आमच्या जवळच्या जिमवर ‘आयएसओ प्रमाणित’ लिहिलंय. म्हणजे चांगली?

कुठलं आयएसओ, ते विचारा. बहुतेक वेळा ते 9001 असतं. ते व्यवस्थापन पद्धतीचं प्रमाणपत्र आहे: कामाची पद्धत ठरवलेली आहे, नोंदी ठेवल्या जातात, तक्रारींवर कारवाई होते, इतकंच ते सांगतं. स्क्वॅट नीट शिकवतात की नाही, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. फिटनेस सेंटर चालवण्यासाठीच बनवलेलं मानक युरोपात आहे, ईएन 17229, 2019 चं. आपल्याकडे पाटी लावायची हौस जास्त आणि पाटीचा अर्थ विचारणारे कमी.

हवा, तापमान, स्वच्छता यांचं काय माप?

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या सूचनांप्रमाणे व्यायामाच्या जागेचं तापमान 20 ते 22 अंश आणि आर्द्रता 60 टक्क्यांपर्यंत असावी. मुंबई-कोकणात जुलैमध्ये हे साधणं म्हणजे स्वप्नरंजन. पण हवा खेळती ठेवणं शक्य आहे. बंद काचांच्या, एसी लावलेल्या जिममध्ये तीच हवा फिरत राहते. छोटं कार्बन डायऑक्साइड मीटर मिळालं तर सोबत न्या. बाहेरच्या हवेत साधारण 420 पीपीएम (दहा लाख भागांत 420) असतं. गर्दीच्या वेळी आत 1000 च्या बरंच वर गेलं तर बाहेरची हवा पुरेशी येत नाहीये. मीटर नसेल तर नाक आहेच. पावसाळ्यात मॅटचा वास घ्या. मॅटखाली हात घाला, ओल लागते का बघा. टॉयलेटही बघा, आणि सकाळी नव्हे, रात्री नऊनंतर.

आणि बाहेर पडायची वाट. तळघरातल्या किंवा वरच्या मजल्यावरच्या जिमला दुसरा जिना आहे का, तो सामानाने अडलेला नाही ना? महाराष्ट्रात 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं ‘ब’ प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. शेवटचं कधी दिलं, हे विचारायला लाजू नका.

जिममध्ये हार्ट अटॅक येतात म्हणतात. याची तयारी कशी तपासायची?

ऑगस्ट 2022 मध्ये विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव दिल्लीत ट्रेडमिलवर कोसळले, सप्टेंबरमध्ये गेले. त्याच्या आदल्या वर्षी कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार व्यायामानंतर अस्वस्थ वाटून गेले. अशा घटनांनंतर आठवडाभर चर्चा होते आणि मग विसरलं जातं. व्यायामाने हृदय बिघडतं असा याचा अर्थ नाही, आणि त्या जिमचा दोष होता असाही नाही. पण हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं काय होतं, यावर सगळं ठरतं. शॉक देणारं एईडी यंत्र वापरायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने, मदत मिळाली नाही तर, वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घसरते.

तेव्हा विचारा: एईडी आहे का? नसेल तर सगळ्यात जवळचं कुठे आहे? आत्ता, या क्षणी फ्लोअरवर असलेल्यांपैकी सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवायचा प्रथमोपचार, कोणाला येतं? ज्याने हात वर केला त्याला विचारा, मिनिटाला किती वेळा दाबायचं? उत्तर 100 ते 120, आणि मोठ्या माणसाची छाती निदान 5 सेंटिमीटर खाली जाईल इतकं. 108 नंबर भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा लावलाय का? एईडी महाग आहे हे मान्य. पण स्टीम बाथही महागच असतो, आणि तो सगळीकडे असतो.

जिममधल्या बॉडी ॲनालिसिस मशीनचा कागद खरा असतो का?

ते मशीन शरीरातून अगदी हलका विद्युतप्रवाह सोडतं आणि अडथळ्यावरून चरबी-स्नायूंचा अंदाज बांधतं. पाणी किती प्यायलात, जेवण झालंय का, नुकताच व्यायाम केलाय का, पाळी जवळ आली आहे का, यावर आकडा हलतो. नाव नोंदवताना संध्याकाळी जेवूनखाऊन आणि महिन्याने पहाटे उपाशीपोटी मोजलं तर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. तेच मशीन, तीच वेळ, तीच स्थिती असेल तर कल कळतो. नाहीतर शिंप्याची टेप बरी. भारतीयांसाठी कंबरेचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या आत ठेवा, असं डॉक्टर सांगतात. त्या कागदावरचं ‘तुमचं शरीराचं वय 52’ हे वाक्य मात्र पॅकेज विकायच्या कामी येतं, दुसऱ्या कशाच्या नाही.

गुगलवर 4.9 स्टार आहेत. पुरेसं नाही का?

परीक्षणं कधी लिहिली आहेत ते बघा. बऱ्याच जिममध्ये नाव नोंदवलं की काउंटरवरच फोन हातात घेऊन रेटिंग द्यायला लावतात, बदल्यात शेकर किंवा टी-शर्ट. एकाच आठवड्यात आलेली वीस-पंचवीस ‘बेस्ट जिम, बेस्ट ट्रेनर’ म्हणजे हाच प्रकार. दोन आणि तीन स्टारवाली परीक्षणं वाचा. एक स्टारवाला चिडलेला असतो, पाचवाला भारावलेला. मधले लोक नेमकं सांगतात. कोणत्या ट्रेनरचं नाव वारंवार येतं आणि तो अजून तिथे आहे का, हे नक्की तपासा.

महाग जिम चांगली असते का? मंडळाची व्यायामशाळा चालेल का?

महागडी जिम हवा, टॉवेल आणि पार्किंगमध्ये नक्की चांगली असते. शिकवण्याचं सांगता येत नाही. महाराष्ट्रात व्यायाम शिकवायची जुनी परंपरा पैशावर उभी राहिलेली नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून चालू आहे आणि त्यांचं पथक 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं करून आलं. कोल्हापूरच्या तालमीत आजही वस्ताद हौद्याच्या कडेला बसून असतो. जोर मारणाऱ्या पोराची कंबर खाली पडली की तिथूनच त्याच्या नावाने आवाज येतो. मी वर ज्याला लक्ष म्हटलं ते हेच, आणि त्याला एसी लागत नाही.

पण परंपरेच्या नावाखाली सगळं खपवूही नये. मंडळांच्या अनेक व्यायामशाळांना अनुदानातून मशीन मिळतात आणि देखभालीला पैसे नसतात. उद्घाटनाच्या कोनशिलेवरची नावं मात्र चकचकीत राहतात. बायकांना तिथे जागाच नसते किंवा दुपारचे दोन तास असतात. बागांमधल्या खुल्या व्यायामशाळा सांधे मोकळे करायला चांगल्या, पण बहुतेक यंत्रांत वजन वाढवता येत नाही, त्यामुळे ताकद एका मर्यादेपुढे वाढत नाही.

महिलांनी वेगळं काही बघावं का?

‘लेडीज बॅच’ कधी आहे ते. दुपारी बारा ते चार असेल तर ती नोकरी करणाऱ्या बायकांसाठी नाही, हे उघड आहे. महिला ट्रेनर गर्दीच्या वेळी हजर असते की फक्त पोस्टरवर? चेंजिंग रूमची कडी आतून नीट लागते का, कॅमेरे कुठे कुठे आहेत? पवित्रा सुधारताना हात लावण्याआधी ट्रेनर विचारतो का? बाळंतपणानंतर किती महिन्यांनी आलात आणि सिझेरियन होतं का, हे विचारल्याशिवाय क्रंचेस (पोटाचा व्यायाम) द्यायला घेतले तर त्या ट्रेनरकडे परत जाऊ नका.

एक कायदेशीर गोष्ट फार जणींना माहीत नसते. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणारा 2013 चा कायदा फक्त नोकरी करणाऱ्या स्त्रीपुरता नाही. त्या जागी आलेली कुठलीही स्त्री, म्हणजे सभासदही, तक्रार करू शकते. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर जिममध्येच अंतर्गत समिती हवी, कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

ट्रेनर प्रोटीन आणि ‘काहीतरी’ घ्यायला सांगतो. हे दर्जात धरायचं का?

नक्की धरायचं. डब्यावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत असावी, बिल मिळावं. ज्या जिममध्ये ट्रेनरचं उत्पन्न डबे विकण्यावर आहे, तिथे सल्ला कुठल्या दिशेला झुकेल हे सांगायला नको. इंजेक्शनचा विषय निघाला तर तिथेच थांबा. मेफेन्टरमिन हे ऑपरेशनच्या वेळी उतरलेलं बीपी वर आणायला वापरायचं औषध, ते जिमच्या पोरांना ‘ताकदीचं’ म्हणून विकणाऱ्यांवर राज्यातल्या काही शहरांत पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) कारवाया केल्या आहेत. अशा जिमला गुण देत बसू नका, सोडा.

मी जिम चालवतो. माझ्या जिमचा दर्जा मीच कसा मोजू?

तुमच्या बायोमेट्रिक मशीनमध्ये बहुतेक उत्तरं आधीच पडून आहेत. नवीन सभासद पहिल्या महिन्यात किती दिवस आला ते काढा. आठवड्याला दोनदाही न येणारे वेगळे काढा आणि त्यांना फोन करा, फी मागायला नव्हे, विचारपूस करायला. मग नूतनीकरण. मागच्या जूनमध्ये ज्यांची मुदत संपली त्यांपैकी किती जणांनी परत पैसे भरले? एकूण सभासदांचा आकडा फुगलेला असू शकतो, कारण जानेवारीची ऑफर तो फुगवते. नूतनीकरणाचा आकडा फुगवता येत नाही.

सर्वेक्षण करायचं तर ट्रेनरच्या समोर फॉर्म भरून घेऊ नका. जे सोडून गेले त्यांना विचारा, खरी माहिती त्यांच्याकडे आहे. दर मुद्द्यावर दोन प्रश्न विचारा: हे तुमच्यासाठी किती महत्त्वाचं, आणि आम्ही ते कसं करतो? महत्त्व जास्त आणि कामगिरी कमी असं जे निघेल तिथे पैसा घाला. महत्त्व कमी आणि कामगिरी उत्तम निघेल तिथला खर्च कमी करा. ही पद्धत 1977 पासून विपणनात वापरली जाते. नवी लाइटिंग आणि डीजे स्पीकर कुठल्या खान्यात पडतात ते बघून मला कळवा.

‘मित्राला ही जिम सुचवाल का, शून्य ते दहा’ हा प्रश्नही ठेवा. नऊ-दहा देणाऱ्यांच्या टक्केवारीतून शून्य ते सहा देणाऱ्यांची टक्केवारी वजा करायची. आपल्याकडे लोक तोंडावर वाईट बोलत नाहीत, सात-आठ देऊन मोकळे होतात, म्हणून एका आकड्याने हुरळून जाऊ नका. दर तीन महिन्यांनी तोच प्रश्न विचारून आकडा कुठे सरकतो ते बघा.

वर्षाची फी एकदम भरावी का? मध्येच सोडली तर पैसे परत मिळतात?

पहिल्यांदा महिन्याची किंवा तीन महिन्यांची भरा, महाग पडली तरी. वर्षाची फी घेऊन काही महिन्यांत शटर पाडणाऱ्या जिम कमी नाहीत. बिल घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून जिमच्या सेवेवर जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. 12,000 च्या पॅकेजवर आधी 14,160 व्हायचे, आता 12,600. ज्या बिलावर जीएसटी क्रमांकच नाही, त्यावर जीएसटी लावता येत नाही.

‘फी परत मिळणार नाही’ असं पावतीवर छापलं म्हणजे विषय संपला असं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष सेवा थांबवून ठरलेल्या मुदतीत, मुदत ठरलेली नसेल तर 30 दिवसांत, पैसे परत न करणं ही अनुचित प्रथा मानली आहे. मात्र तुमचाच उत्साह मावळला, तर ती सेवेतली त्रुटी होत नाही. एसी महिनाभर बंद, कबूल केलेला ट्रेनर नाही, जिम दुसरीकडे हलवली, असं काही असेल तर तारखांसह फोटो ठेवा, मालकाला लेखी कळवा, व्हॉट्सॲप चालेल. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही.